देवळापुढचा हिसका

आमची गाडी फक्त देवापुढं हिसका द्यायची. शाळेत कुणाला सांगितलं असतं तर सगळ्या बाया हसल्या असत्या, पण खरंच सांगते, भूमहून बार्शीला जाताना आमच्या वाटेवर तीन देवळं लागतात आणि तिन्ही ठिकाणी गाडी अशी गचकन ओढ घ्यायची की पुढं बसलेली आई "अगं आई गं" म्हणत डॅशबोर्डला हात लावायची. एरवी काही नाही. गतिरोधकावर नाही, खड्ड्यात नाही, चढाला नाही. मारुती आला की हिसका, म्हसोबा आला की हिसका, आणि बार्शीच्या अलीकडं देवीचं एक लहानसं ठाणं आहे, तिथं हिसका. आईनं गाडीला पुढं लिंबू-मिरची बांधली. मी चिडले. "मिरचीनं गाडी सुधारत असती तर मिस्त्री लोकांनी गॅरेजं मोडून मिरच्याच लावल्या असत्या," म्हटलं. आई म्हणाली, "एखादी तुझ्या जिभेला बी बांधाया पायजे."

आता माझ्या जिभेबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुढं तिचाच संबंध आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सातवीला विज्ञान. आवाज मोठा आहे, राग नाकावर असतो. बोलून झालं की माझ्या मनात काही राहत नाही. चहाला आधण येईपर्यंत मी विसरलेली असते. ऐकणारा विसरतो की नाही, याचा विचार मी चाळिशी उलटेपर्यंत केलेला नव्हता.

गाडी अण्णा चालवायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात यष्टीवर ड्रायव्हर म्हणून गेली. गाडी मी पगारातून घेतली, जुनीच, पाच गिअरची, पण किल्ली कायम त्यांच्या खिशात. रिटायर झाल्यावर वर्षभर हा माणूस घरात नुसता इकडून तिकडं फिरत होता. आईच्या भाषेत "थांबा सुटलेल्या पाशिंजरावानी". गाडी आली आणि अण्णा परत अण्णा झाले. सकाळी आंघोळीच्या आधी गाडी पुसायची, लिंबाच्या सावलीला लावायची, ऊन फिरलं की गाडीही फिरवायची. शेजाऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, कुणाची पोरगी नांदायला चालली की स्टँडवर सोडायची. कुणी पैसे पुढं केले की ते हात जोडायचे. म्हणायचे, "गाडीवर बसाया मिळतंय हेच लई झालं."

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दर शनिवारी, माझी सकाळची शाळा सुटली की, आम्ही तिघं बार्शीला जायचो. तिथं आईला शेक आणि व्यायाम असायचा. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, हिसका बसू द्यायचा नाही. यष्टीत बसायचं नाही, रिक्षात तर अजिबात नाही. आईचं उभं राहणं, चालणं, पुन्हा चुलीपुढं बसणं सगळं त्या शनिवारावर होतं आणि शनिवार होता अण्णांच्या हातात.

अण्णांचा डावा कान मंद आहे. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, केबिनमध्येच असायचं. जन्मभर ते कानाशी गुरगुरत राहिलं, त्यानं कान खाल्ला. आई डावीकडं बसणार, म्हणजे तिनं बोललेलं त्यांना ऐकू येणार नाही. यावर आईनं स्वतःच तोड काढली. त्यांच्या डाव्या दंडावर बोटानं एकदा टकटक केलं की थांबा, दोनदा केलं की चला. कंडक्टरची घंटी. सिंगल बेल, डबल बेल. पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा अण्णा एवढे हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

तर हा हिसका. मी मागं बसून बघायची. मारुतीचं देऊळ दिसलं की अण्णा डावा हात स्टिअरिंगवर आणायचे, उजवा हात आधी छातीला मग कपाळाला लावायचे, आणि नेमका तेव्हाच गाडीला हिसका. मला वाटायचं, नमस्काराच्या नादात यांचा पाय ढळतो. वय झालं. एकदा म्हटलं, "अण्णा, नमस्कार घरून करून निघत जा."

"देव वाटंत भेटला तर तोंड फिरवू व्हय?" ते म्हणाले.

त्याच्या साधारण वर्षभर आधी बॅटरी उतरून गाडी भर बाजारात बंद पडली होती. लोक ढकलत होते, मी उन्हात उभी होते, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "परत ह्या गाडीनं मोठं काम काढलं ना अण्णा, तर दुसऱ्या दिवशी विकून टाकीन. आणि तुमचं ड्रायव्हिंग बंद!" असं मी चारचौघांत म्हणाले. मी घरी येऊन चहा ठेवला आणि विसरले.

हिसके वाढले तसे आम्ही गाडी मिस्त्रीकडं नेली. आमचे मिस्त्री म्हणजे गावातलं जुनं माणूस, स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडात त्यांचं गॅरेज. त्यांनी गाडी गावातून एक फेरी मारून आणली. गावात गर्दी, दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. म्हणाले, "मॅडम, क्लचप्लेट गेली. हिसका त्याचाच." प्लेट बदलली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते, चकार शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. स्टार्टर मारला की आवाजावरनं गाडीची कुंडली मांडणारा हा माणूस, आणि क्लचवर गप्प?

पुढच्या शनिवारी मारुतीपुढं गाडीनं असा हिसका दिला की आईच्या तोंडून "अगं आई गं" सुद्धा निघालं नाही. ती नुसती ताठ झाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बार्शीला पोचल्यावर तिला उचलून आत न्यावं लागलं. डॉक्टर बाई रागावल्या. आठ दिवस सक्तीनं पडून राहायचं आणि परत असं झालं तर पहिल्यापासून सुरुवात.

आईला घरी आणून निजवल्यावर ओसरीच्या पायरीवर मी अण्णांपुढं हात पसरला.

"किल्ली द्या."

त्यांनी दिली. खिशातून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. रागाच्या भरात मी असंही म्हणून गेले, "तुमच्यानं आता व्हत न्हाय अण्णा, हे मान्य करा. आईचा मणका म्हणजे काही तुमची यष्टी न्हाय." हे लिहितानासुद्धा मला माझीच लाज वाटते. पण बोलले, हे खरं आहे.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अण्णा सकाळी उठून गाडी पुसायचे तसेच पुसायचे, पण लिंबाची सावली सरकली की घरात येऊन मला सांगायचे, "गाडी उन्हात आलीया." म्हणजे मी जाऊन हलवायची. मी शाळेत असले की गाडी उन्हात उभी आणि हे ओसरीवर तिच्याकडं बघत. शेजारची म्हातारी दवाखान्याला न्या म्हणून आली, तर म्हणाले, "आता पोरगी चालविती, तिला इचारा." आई अंथरुणावरून सगळं ऐकत होती. ती पण गप्प. मला वाटलं, तिला माझं पटलेलं आहे.

आईला बरं वाटल्यावर तिनं सोनारीला जायचं काढलं. काळभैरव आमचं कुळाचं दैवत, आणि ऑपरेशनच्या वेळी तिनं काहीतरी बोलून ठेवलं होतं. रविवारी निघालो. मी चालवायला, आई पुढं पाठीला उशा लावून, आणि अण्णा पहिल्यांदाच मागच्या सीटवर. मागं बसलेला ड्रायव्हर कसा दिसतो हे मी आरशात बघत होते. पाय ब्रेक दाबत होता, मान वळणाबरोबर वळत होती. मी तिसरा गिअर टाकला तसे ते पुढं वाकून म्हणाले, "हात ठिव त्याच्यावर."

"अण्णा, मागं बसून गाडी चालवू नका," मी फटकारलं.

ते मागं टेकले.

सोनारीत माकडं फार. गाव जवळ आलं की ती रस्त्यावरच येऊन बसतात, देवाच्या राखणीला नेमल्यासारखी. उतारावर एक मोठं वानर एकदम आडवं आलं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. आणि खटाक! माझ्या डोळ्यांदेखत गिअरचा दांडा तिसऱ्यातून सुटून आपोआप मधे आला. इंजिन मोकळं झालं आणि गाडीनं तोच तो ओळखीचा हिसका दिला. मी ब्रेक लावून गाडी कडेला घेतली. वानर तिथंच बसून आमच्याकडं बघत होतं.

मी आईकडं बघितलं. तिला फारसं लागलं नव्हतं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती, ती मान वळवून मागं अण्णांकडं बघत होती.

"अण्णा, गिअर सुटला," मी म्हटलं.

"व्हय."

"आपोआप!"

"व्हय. तिसराच सुटतोय. पाय काढला की."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

अण्णा खिडकीतून वानराकडं बघत राहिले.

दर्शन घेतलं, आईचं बोललेलं फेडलं, पण माझं लक्ष देवात नव्हतं. परत येताना मोकळा रस्ता आला तशी मी जे सातवीच्या पोरांना करायला सांगते ते करून बघितलं. तिसऱ्यात टाकायचं, हात काढायचा, पाय अलगद काढायचा. सुटला. परत टाकायचं, हात दांड्यावर दाबून ठेवायचा, पाय काढायचा. नाही सुटला. हाताखाली दांडा मात्र जिवंत असल्यासारखा मागं रेटत होता. पाच-सहा वेळा केलं. मग मला मारुती आठवला, म्हसोबा आठवला, देवीचं ठाणं आठवलं. नमस्कार करायचा म्हणजे उजवा हात सोडायचा, म्हणून डावा हात स्टिअरिंगवर आणायचा, म्हणजे गिअरवरचा हात निघाला. देऊळ आलं म्हणून पाय पण ढिला. अख्ख्या प्रवासात तेवढाच एक क्षण अण्णांचा हात गिअरवर नसायचा. आईच्या पाठीपायी ते तिसऱ्याच्या वर जायचेच नाहीत, आणि बाकी सगळा वेळ हा माणूस तो तिसरा गिअर हातानं धरून गाडी चालवत होता. कारण सुटला तर आईला हिसका बसेल.

आणि मी त्यांना म्हणाले होते, तुमच्यानं व्हत न्हाय.

मला रडू आलं, पण रडायच्या ऐवजी मी भांडले. ती माझी जुनी खोड. "तुम्हाला ठाऊक असताना क्लचप्लेट बदलू दिली?"

"प्लेट बी जुनीच झाल्ती," अण्णा म्हणाले.

सोमवारी मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. आधी स्वतःचे कान पकडले. म्हणाले, "मॅडम, चुकलं माझं. गावातच फिरवली, रस्त्याला काढायला पायजे होती. क्लच गेला तर इंजिन वरडतंय आन गाडी सरकत न्हाय, करपल्याचा वास येतोय. ह्यात तसलं काईच नव्हतं." गिअरबॉक्सचं तेल त्यांनी परातीत सोडलं. तेल काळं झालं होतं आणि उन्हात धरलं की त्यात चांदीसारखी चमक दिसत होती. ती लोखंडाची भुकटी. मग बॉक्स खाली उतरवला, खोलला आणि दोन बोटांच्या चिमट्यासारखा एक भाग बाहेर काढला. त्याला फोर्क म्हणतात. आपण दांडा हलवला की आत हा फोर्क फिरतं कडं सरकवून गिअरमध्ये बसवतो. फोर्क एका बाजूनं झिजून पातीसारखा पातळ झाला होता. ज्या गिअरमध्ये त्यानं कडं बसवायचं त्याचे दातही गोल झाले होते.

"हे एका दिसाचं न्हाय," मिस्त्री म्हणाले. "फोर्कचं काम गिअर टाकून बाजूला व्हायचं. ह्याला सारखा दाब हाय. कुणीतरी दांड्यावर हात ठिवून गाडी चालवलीया, लई दिवस."

मिस्त्रींना कळलं आपण काय बोललो ते, पण शब्द सुटला होता.

अण्णांनी फोर्क हातात घेतला. झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. जुन्या बसचा दांडा लांब, कमरेएवढा. इंजिनाबरोबर तो सतत थरथरायचा, आणि त्यावर हात ठेवूनच ड्रायव्हरला गाडीचं मन कळायचं. कान गेल्यावर तर अण्णांना गाडी ऐकायला तेवढा हातच उरला होता. त्या सवयीनं लहान गाडीचा फोर्क आतल्या आत झिजत गेला. झिजला म्हणून गिअर सुटायला लागला, सुटायला लागला म्हणून अण्णांनी आणखी घट्ट धरला, आणि धरला म्हणून आणखी झिजला.

"म्याच खाल्ला की हो ह्याला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आधी हात का आधी गिअर, हे कोण सांगणार? जुनी गाडी हाय," मिस्त्री म्हणाले. फार चांगला माणूस.

अण्णांनी फोर्क परातीत ठेवला आणि हात पुसले.

आता प्रश्न आला, पुढं काय. मिस्त्रींनी सरळ सांगितलं. नुसता फोर्क बदलून भागणार नाही, दात गेलेत, एक बेअरिंग पण वाजतंय. सुटे भाग मागवून हाच बॉक्स भरायचा तर ह्या मॉडेलचे भाग यायला महिना-दीड महिना. कंपनीचा नवाकोरा घ्यायचा तर गाडीपेक्षा बॉक्स महाग. तिसरा रस्ता म्हणजे सोलापूरला जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांची गल्ली आहे, तिथून अपघातात गेलेल्या गाडीचा चालू बॉक्स आणायचा. त्यात धोका एवढाच की निवडणाऱ्याला निवडता आलं पाहिजे. आईचा एक शनिवार आधीच चुकला होता, महिनाभर थांबायची सोय नव्हती.

"अण्णा, सोलापूरला येता?" मी विचारलं.

"म्या कशाला? म्या मोडणारा."

"मला बॉक्स आणि डबा यातला फरक कळत न्हाय. चला."

यष्टीनं गेलो. ड्रायव्हरनं अण्णांना ओळखलं नाही, पण अण्णांनी त्याचे सगळे गिअर मनातल्या मनात टाकले, मी बघत होते. गल्लीत दुकानदारानं दोन बॉक्स पुढं ठेवले. एक धुऊन पुसून चांदीचा रंग दिलेला, अगदी नवा दिसणारा. दुसऱ्यावर मातीचा थर. मी म्हटलं, हा चांदीवाला बरा. अण्णांनी त्याला हातही लावला नाही.

"रंग का लावलाय? काईतरी झाकलंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पटकन नजर दुसरीकडं नेली आणि दुकानदाराला विचारलं, "ही मातीवाली गाडी कुठनं ठोकलीया?" मागून, तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली आणि मला समजावलं, पुढून ठोकलेल्या गाडीच्या बॉक्सला बारीक तडा असतो, तो नंतर उमटतो. मग त्यांनी बॉक्सवरचा ओतीव नंबर मला वाचायला लावला, आमच्या बॉक्सचा मिस्त्रींनी लिहून दिला होता त्याच्याशी जुळवायला. पेट्रोलचा आणि डिझेलचा बॉक्स बाहेरून सारखा दिसला तरी आतले दात वेगळे. माती नखानं खरवडून बघितली. कोरडी होती. "कोरडी हाय म्हंजे सील गळत न्हाय. गळतं तिथं माती चिकाट आसती." खालचा बोल्ट काढायला लावून तेलाचा एक थेंब अंगठ्यावर घेतला, चोळला, वास घेतला आणि मला उन्हात दाखवला. चमक नव्हती.

मग त्यांनी डोळे मिटले. एका हातानं बॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरवत दुसऱ्या हातानं एकेक गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर फार वेळ थांबले. ओढून बघितला, दाबून बघितला, हलवून बघितला. दुकानदार आधी हसायला लागला होता, तो जवळ येऊन बघायला लागला. मी शेजारी उभी राहून माझ्या बापाचा तो हात बघत होते. काळा, शिरा वर आलेला, तळव्याला घट्टा. इतक्या वर्षांत मी तो नीट कधी बघितलाच नव्हता.

"हा," अण्णा डोळे उघडून म्हणाले.

चार दिवसांत बॉक्स बसला. यावेळी मिस्त्रींनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली, उताराला नेली, हात काढून, पाय काढून बघितली. तिसरा हलला नाही. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लिंबाखाली आली आणि मी किल्ली अण्णांपुढं धरली.

त्यांनी घेतली नाही.

"तूच चालव. म्या परत हात ठिवीन. हाताला कळत न्हाय, सवय हाय त्याला. परत खाईन मी ती गाडी, आन तिला हिसका बसंल." एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले. खोटा रुसवा असता तर मला चाललं असतं. तो रुसवा नव्हता. माणसानं स्वतःच स्वतःला खाली उतरवलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर चिडले, कारण चिडायला दुसरं कुणी नव्हतं. "वर्षभर गिअर धरून बसले, एक शब्द बोलले नाहीत! तेव्हाच सांगितलं असतं तर एवढं झालं असतं का?"

आई भाकरी थापत होती. उभ्यानं, ओट्याला टेकून. तिनं हात थांबवला नाही.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"गिअर सुटतोय ते. शेजारी बसती मी, मला दिसत न्हाय व्हय त्यांचा हात? ते धरायचे, मी बघायची. देऊळ आलं की मी आधीच पाठ ताठ करायची. त्यांनला म्हटलं, नमस्कार सोडा. तर म्हनले, नमस्कार सोडला तर पोरीला कळंल."

"मला कळलं तर काय झालं असतं?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडं बघितलं.

"तूच म्हनली हुतीस की. मोठं काम निघालं की गाडी इकीन आन तुमचं बंद. बाजारात, लोकांम्होरं. ते घरी येऊन जेवले न्हाईत त्या दिशी. गाडीबिगर त्यांचं काय व्हतं ते मी बघितलं हुतं एक साल. मग म्हटलं, बसूंदेत हिसकं. माझ्या पाठीचं काय, ती आज न्हाय तर उद्या बरी व्हईल."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मला वाटत होतं, हे दोघं गाडीचा दोष लपवत होते. ते मला भीत होते. ज्या दोन माणसांनी मला वाढवलं, ते माझ्या जिभेपायी वर्षभर एक सुटणारा गिअर धरून बसले होते. एक हातानं, एक पाठीनं. मी रडले. आईनं पिठाच्या हातानं माझं तोंड पुसलं, त्यामुळं ते आणखीच घाण झालं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली मी सकाळीच गाडीला लावून ठेवली होती. आई पुढं बसली. दहा मिनिटं गेली. शेवटी आईनं हॉर्न दाबला. मग दुसऱ्यांदा दाबला. अण्णा ओसरीवरून उठले.

"ही काय थट्टा हाय?" ते दाराशी येऊन म्हणाले.

"बार्शीची गाडी लागलीया आन डायव्हरचा पत्ता न्हाय," आई म्हणाली. "हाताचं मी बघती. बसा."

ते बसले. गाव सुटलं. दुसरा, मग तिसरा. तिसरा पडला तसा हात सवयीनं दांड्यावरच राहिला, आणि आईनं दंडावर बोट मारलं, एकदा. हात स्टिअरिंगवर गेला. थोड्या वेळानं परत खाली आला. परत एक बेल. मारुतीपर्यंत तिनं सात-आठ वेळा तरी बेल मारली असेल.

मारुती दिसला. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, घट्ट. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. देवळाकडं बघितलं. परत आरशात माझ्याकडं. हात हलला नाही. जन्मात कधी न चुकलेला नमस्कार हा माणूस माझ्या धाकानं गिळत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "नमस्कार राहिला."

त्यांना ऐकू गेलं नाही. माझा आवाज, जो तीन वर्गांत ऐकू जातो, तो नेमका तेव्हा अगदी बारीक निघाला होता. पण आईला ऐकू गेलं. तिनं त्यांच्या दंडावर बोट टेकवलं आणि दोनदा वाजवलं.

अण्णांनी उजवा हात छातीला लावला, मग कपाळाला. पाय ढिला झाला, मला इंजिनाच्या आवाजावरून कळलं. आईनं पाठ ताठ केली. मी सीट धरली.

गाडी सरळ चालत राहिली.